तोळाताई आणि खायचा सोडा

तिला सगळे तोळाताई म्हणत. हे नाव बिस्किटाच्या कारखान्यात पडलं, आणि पाडणारा दुसरा तिसरा कुणी नसून तिचा सख्खा थोरला भाऊ होता. तो त्याच कारखान्याची माल पोचवणारी गाडी चालवायचा. वडील गेले तेव्हा त्याने शाळा सोडून स्टिअरिंग हातात धरलं, आणि बहीण कामाच्या वयाची झाली तेव्हा मोठ्या साहेबांच्या मागे हात धुऊन लागून तिला आत चिकटवली.

तिला मिळालं मिक्सिंगचं काम. मैदा, साखर, तूप सगळं पोत्यांनी आणि डब्यांनी मशीनमध्ये ओतलं जायचं, ते ओतायला दणकट गडी होते. हिच्याकडे होतं ते किरकोळ सामान: मीठ, वासाचा अर्क आणि खायचा सोडा. हे सगळं एका छोट्या काट्यावर तोलून द्यायचं. ती इतकी निरखून तोलायची की काटा थरथरत असला तर श्वास रोखून धरायची. एकदा भाऊ गाडी लावून आत डोकावला आणि म्हणाला, "अगं, सोडा तोलतेस का सोनं? तोळा-मासा चाललंय नुसतं!" झालं. दुपारच्या जेवणापर्यंत अख्खा कारखाना तिला तोळाताई म्हणायला लागला.

तिला त्याचा राग कधीच आला नाही. उलट अभिमानच वाटला. कारण सोडा ही काय चीज आहे हे तिला लवकरच कळलं होतं. कमी पडला तर बिस्किट फरशीसारखं चपटं आणि कडक. जास्त पडला तर रंग काळपट, आणि तोंडात टाकलं की साबणाची वडी चावल्यासारखं. एकदा भट्टीतून येणारी बिस्किटं नेहमीपेक्षा गडद दिसली म्हणून तिने एक उचलून चाखलं आणि सरळ पट्टा बंद करायचं लाल बटण दाबलं. सुपरवायझर धावत आले. "कुणाला विचारून बंद केलंत?"

"जिभेला विचारून," ती म्हणाली आणि त्यांच्या हातावर एक बिस्किट ठेवलं. त्यांनी ते चावलं, थुंकलं, आणि पुढे कधी तिला काही विचारलं नाही.

लग्नाचं म्हणाल तर स्थळं आली. बघायला येणाऱ्यांसमोर ती हटकून स्वतः भाजलेली बिस्किटं ठेवायची. "एकानंही दुसरं बिस्किट मागितलं नाही," ती सांगायची. "ज्याला एवढ्यावर भागतं, त्याच्याशी जन्म कसा काढायचा?" भावाने एक-दोनदा समजावलं, मग तोही हसून गप्प बसला.

पुढे कारखाना लांबच्या गावी हलला. बरोबर जायचं की घरी बसायचं, असा प्रश्न सगळ्यांसमोर आला. तोळाताईने दोन्ही केलं नाही. भावाच्या घराच्या तळमजल्यावर गाडी ठेवायची एक लांबट खोली होती. भावाने कारखान्याची गाडी परत केली तशी ती खोली रिकामी झाली. "घे," तो म्हणाला, "गाडीच्या जागी भट्टी लाव. धूर तोच, वास बरा." तिने आत सेकंडहँड ओव्हन बसवला, रस्त्याच्या बाजूला खिडकी पाडून घेतली आणि खिडकीला फळी ठोकून काउंटर केलं. ती राहायची मागच्याच खोलीत. वर भाऊ आणि वहिनी.

तिच्या आल्याच्या बिस्किटांनी खिडकीसमोर रांग लावली. तांबूस, वरून तडे गेलेली, मोडताना कट्‌कन आवाज करणारी. ते तडे हीच तिची सही होती. त्यासाठी ती सोडा जरा सढळ हाताने घालायची, आणि चव साबणाकडे झुकू नये म्हणून गुळाचा पाक आणि दही यांचा आंबटपणा बरोबर बसवायची. "कारखान्यात मी दुसऱ्याच्या मापाने तोललं," ती म्हणायची, "हे माझं माप."

तिच्या बिस्किटांचं पहिलं आणि सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे तिचा हाच भाऊ, दादा. पैसे न देणारं गिऱ्हाईक, पण मत देणारं. चहात बुडवून, डोळे मिटून, मिशीला लागलेला चुरा जिभेने टिपत तो निकाल द्यायचा. "आज आलं लाजलंय." किंवा, "आज बरी आहेत, आज मेल्यावरही आठवतील."

मरणाची भाषा खरीच जवळ आली. जिना चढताना दादाला मध्येच कठड्याला टेकून उभं राहावं लागायला लागलं. आधी त्याने ते गुडघ्यावर ढकललं, मग बुटांवर. पण पाय सुजून बुटात मावेनात तेव्हा ढकलायला काही उरलं नाही. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की हृदय अशक्त झालंय, त्याला अंगातलं पाणी ओढवत नाही. गोळ्या घ्यायच्या, पाणी बेतानं प्यायचं, आणि मीठ जवळजवळ बंद.

वहिनींनी हुकूम तंतोतंत पाळला. मिठाची बरणी त्यांनी आपल्या कपाटात कुलपात ठेवली. दादाची ताटावरची तोंडं बघण्यासारखी असायची.

"आयुष्यभर खाल्ल्या मिठाला जागलो," तो कुरकुरायचा, "आता मीठच नाही तर जागू कशाला?"

"तर झोपा," वहिनी म्हणायच्या. "पण जेवून झोपा."

"जखमेवर चोळायलासुद्धा चिमूटभर ठेवलं नाही या बाईने!"

तोळाताईने आपल्या परीने कंबर कसली. ती वर गेली आणि दादाच्या कपाटातले, उशाखालचे, जुन्या टूलबॉक्समधले सगळे बिस्किटांचे आणि खाऱ्या खाऊचे पुडे गोळा करून घेऊन आली. "पाकिटातलं काही नको. आत काय काय घालतात कोण जाणे."

"अहो ताई, इतकी वर्षं तुम्हीच घालत होतात की," वहिनी म्हणाल्या.

"म्हणूनच सांगते," तोळाताई म्हणाली.

पुड्यांच्या जागी तिने आपल्या आल्याच्या बिस्किटांचा डबा ठेवला. त्यातलं चिमूटभर मीठसुद्धा तिने काढून टाकलं होतं. घरचं, ताजं, बिनमिठाचं. डबा रिकामा झाला की ती तो भरायची. अळणी जेवणातून उठलेला दादा सगळी भूक त्या डब्यावर काढायचा, आणि ती खूश व्हायची की चला, पोटात काहीतरी जातंय. एवढं खाऊन त्याचं पोट जड व्हायचं, ढेकर अडायची. मग ती खालून आपल्या बरणीतला सोडा आणायची, पाण्यात ढवळून फसफसता पेला त्याच्या हातात द्यायची. दादा मोठी ढेकर देऊन म्हणायचा, "डॉक्टरकी तुझीच खरी."

सूज काही उतरेना. मोजा काढला की पायावर त्याचा वळ खोल उमटलेला असायचा. मग एके दिवशी त्याला उताणं झोपवेना, बसून श्वास घ्यावा लागला, आणि पुन्हा हॉस्पिटल गाठावं लागलं.

डॉक्टरांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "मीठ कुठून तरी जातंय."

"देवाशपथ नाही," दादा धापा टाकत म्हणाला. "स्वप्नातसुद्धा नाही."

डॉक्टर गेल्यावर तोळाताई वहिनींकडे वळली. तिचा स्वभाव असा, की मनात आलं ते ओठावर यायला मध्ये थांबा नाही. "वहिनी, खरं सांगा. त्याचं तोंड बघवत नाही म्हणून तुम्ही भाजीत टाकता ना थोडं?"

वहिनींचा चेहरा पांढरा पडला. "मी?" त्या म्हणाल्या. "माझ्या हाताने?" मग त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि पदराने चष्मा पुसत राहिल्या. तोळाताईला वाटलं, गप्प बसल्या म्हणजे काहीतरी आहेच.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ बाई आल्या. मध्यम वयाच्या, पायात कापडी बूट, आवाज शांत. त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि दादाला म्हणाल्या, "मला तुमचा नेहमीचा दिवस सांगा. उठल्यापासून तोंडात काय काय जातं ते. लाजू नका, मी ओरडत नाही."

दादाने सांगायला सुरुवात केली. अळणी हे, अळणी ते. बाई मान डोलावत होत्या. मग तो चहापाशी आला आणि त्याचा चेहरा उजळला. "आणि आमच्या ताईची बिस्किटं. सकाळी, दुपारी, चहाबरोबर, चहाशिवाय. ती आहेत म्हणून मी आहे."

"बिस्किटं कुठली? विकतची?"

"छे!" तोळाताई पुढे सरसावली. "विकतचं सगळं मी घराबाहेर काढलं. माझ्या हातची. त्यात मिठाचा कण नाही."

"छान केलंत. विकतच्यात मीठ असतंच, शिवाय इतरही बरंच. तुमची फुगतात कशाने?"

"सोड्याने. खायच्या सोड्याने." आणि तिने अभिमानाने सांगितलं की एका घाण्याला ती किती सोडा घालते, इतरांपेक्षा जास्त का घालते, आणि वर तडे कसे येतात.

बाईंनी ऐकून घेतलं. मग दादाला विचारलं, "आणि पोट जड झालं की?"

"ताई सोडा देते पाण्यातून. झटक्यात मोकळं वाटतं."

मग बाई खुर्ची वळवून तोळाताईकडे तोंड करून बसल्या. त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं: यांना अपाय करतं ते मिठातलं सोडियम. ते फक्त मिठात नसतं. सोड्याच्या नावातच ते बसलेलं आहे. चमचाभर सोड्यात जवळजवळ अर्धा चमचा मिठाएवढं सोडियम असतं. ते खारट लागत नाही, गोड बिस्किटात तर अजिबात कळत नाही. जीभ फसते, पण हृदय फसत नाही.

"धडधाकट माणसाने दोन बिस्किटं खाल्ली तर काही बिघडत नाही," त्या म्हणाल्या. "पण हे डबा रिकामा करतात. आणि वर तो पेला. तो तर आजच बंद."

तोळाताई उभी होती ती पलंगाच्या कठड्याला धरून उभी राहिली. जिभेवर तिचा केवढा विश्वास! त्या जिभेने कारखान्याचा पट्टा थांबवला होता. आणि इथे भावाच्या पायांत पाणी भरत होतं ते तिच्याच बरणीतून. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वळसासुद्धा कुणाच्या दारावरून घातला, तर वहिनींच्या.

ती रडली नाही. रडणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती म्हणाली, "म्हणजे चूक माझी." आणि मग पलंगाला वळसा घालून वहिनींसमोर जाऊन उभी राहिली. "वहिनी, मी तुम्हाला काल नको ते बोलले. तुमचा हात स्वच्छ होता. घाण माझ्या हातात होती. मला माफ करा."

वहिनींनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "माफ करीन," त्या म्हणाल्या. "पण लगेच नाही. दोन दिवस मला रागावू द्या. इतकी वर्षं संधी मिळाली नव्हती."

पलंगावरून दादा खोकत खोकत हसला. "नाव काय त्याचं? सोडा! अगं, तो बिचारा पहिल्यापासून स्वतःच्या तोंडाने सांगतोय, सोडा, सोडा, मला सोडा! आपल्यालाच ऐकू आलं नाही."

आहारतज्ज्ञ बाईंनाही हसू आवरलं नाही. निघताना तोळाताईने त्यांना दारात गाठलं. सोड्यासारखंच फुगवणारं, पण सोडियम नसलेलं काही मिळतं असं तिने ऐकलं होतं. ते चालेल का? बाईंनी मान हलवली. "त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. यांच्या गोळ्यांबरोबर ते अंगाशी येऊ शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नका. फुगवायचंच असेल तर हवेने फुगवा, अंडी फेटून. नाहीतर यीस्टने."

"हवेने," तोळाताई म्हणाली. "बरं. बघतेच."

दादा घरी येईपर्यंत तिने ओव्हन तापवला होता. पहिला प्रयोग म्हणजे तीच आल्याची बिस्किटं, फक्त सोडा वगळून. दादाने एक उचललं, टेबलावर आपटलं, टेबलाकडे निरखून पाहिलं. "टेबल वाचलं," तो म्हणाला.

मग यीस्टचा पाव, बिनमिठाचा. नेहमीच्या हिशोबाने तिने कणीक फुगायला ठेवली आणि खिडकीवर गिऱ्हाईक बघत बसली. परत येऊन पाहते तो कणीक भांड्याबाहेर येऊन पुन्हा खचलेली, आत मोठमोठी भोकं, आंबूस वास. मीठ यीस्टला लगाम घालतं हे तिला माहीत होतं, पण लगाम काढल्यावर घोडं इतकं उधळेल याची कल्पना नव्हती. दुसऱ्या खेपेला तिने पाणी गार घेतलं, यीस्ट कमी केलं आणि कणकेपाशी खुर्ची टाकून बसली. पाव छान झाला, पण चव? दादाने घास फिरवत फिरवत सांगितलं, "कापूस आहे. उत्तम प्रतीचा."

ती खचली नाही. खरं तर तिला मजाच यायला लागली होती. खूप दिवसांनी तिला असं काही भेटलं होतं जे तिला येत नव्हतं. तिने चव दुसरीकडून आणायची ठरवली. आलं दुप्पट केलं, ते किसून पाकात मुरवलं. लिंबाची साल किसून घातली, दालचिनी भाजून कुटली. आणि अंडी फोडून पांढरा भाग फेटायला घेतला.

इथे मात्र तिचा हात अडला. तिचा हात तोलणारा होता, फेटणारा नव्हता. फेस यायचा, चढायचा, आणि मैदा मिसळताना ती तो इतक्या जोरात घोटायची की सगळी हवा निघून जायची. केक भट्टीत जाताना उंच आणि येताना बसका. तिसरा केक बसला तेव्हा वहिनी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या रागाचे दोन दिवस कधीच उलटून गेले होते.

"ताई, तुम्ही त्याला मारताय," त्या म्हणाल्या.

"मग काय कुरवाळू?"

"सरका."

वहिनींनी बाह्या वर केल्या, भांडं पोटाशी तिरकं धरलं आणि फेटायला लागल्या. हात मनगटातून फिरत होता, खांदा हलतही नव्हता. बोलता बोलता फेस पांढराशुभ्र, घट्ट झाला. वहिनींनी भांडं सरळ तोळाताईच्या डोक्यावर उलटं धरलं. थेंबही पडला नाही.

"पडला असता तर?" तोळाताई अंग चोरून म्हणाली.

"तर मी त्या दिवसाचं सगळं माफ केलं असतं," वहिनी म्हणाल्या.

मैदा त्यांनीच मिसळला, थोडा थोडा भुरभुरवत, चमचा तळातून वर आणत, जणू झोपलेल्या बाळाखालचं दुपटं बदलायचं आहे. तोळाताईने तोललेलं आलं आणि लिंबू त्यात गेलं. केक उंच आला आणि उंच राहिला. गार झाल्यावर तोळाताईने त्याचे बोटभर जाड काप केले आणि ते मंद आचेवर पुन्हा भाजले, खडखडीत होईपर्यंत.

दादाने काप चहात बुडवला. चहा कपभरच होता, कारण पाण्याचंही माप होतं. काप चहा प्यायला, पण मोडला नाही. दादाने डोळे मिटले. दोघी त्याच्या मिशीकडे बघत उभ्या राहिल्या.

"तडे नाहीत," तो म्हणाला.

"नाहीत," तोळाताई म्हणाली.

"रंगही फिका."

"फिकाच."

"अजून एक दे."

"दोनच मिळतील," वहिनी म्हणाल्या. "आता सगळं तोलूनच."

मोज्याचे वळ हळूहळू उथळ होत गेले. डॉक्टरांनी पुढच्या तपासणीला पाय दाबून पाहिले आणि समाधानाने हुंकार भरला. हृदय काही नवीन झालं नव्हतं. ते अशक्त होतं ते अशक्तच राहिलं, गोळ्याही राहिल्या. पण दादा जिना पुन्हा एका दमात उतरायला लागला, चढताना मात्र मध्ये एकदा थांबायचा आणि म्हणायचा, "इंजिन जुनं आहे, घाटात गरम होतं."

तोळाताईने सोडा टाकून दिला नाही. आल्याची तडेवाली बिस्किटं खिडकीत राहिलीच; ज्यांना सोसतात त्यांनी ती का खाऊ नयेत? पण शेजारी दुसरी बरणी आली, बिनसोड्याच्या, बिनमिठाच्या कापांची. एखादं गिऱ्हाईक घरच्या आजारी माणसासाठी बिस्किटं मागायला आलं की ती आधी विचारायची, आजार कसला? हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा म्हटलं की पुढे केलेला हात मागे घ्यायची. "घरचं आहे, म्हणजे चालेल असं नाही. आधी डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले तर ही दुसरी न्या, तीही मोजून." काहींना राग यायचा, दुकानदार बाई माल विकायचा सोडून उपदेश करते म्हणून. काही मात्र विचारून परत यायचे.

कापांची मागणी वाढली तशी वहिनी रोज सकाळी खाली यायला लागल्या. लोकांना कापच जास्त आवडायला लागले, धडधाकट लोकांनासुद्धा, आणि ते "वहिनींचे काप" या नावाने मागायला लागले. खिडकीवर बसणारी तोळाताई, आणि नाव वहिनींचं. पहिल्यांदा तिला ते जरा टोचलं. मग एके सकाळी एका नव्या गिऱ्हाइकाने विचारलं, "हे तुम्हीच करता का?" तेव्हा तिने मागे वळून आवाज दिला, "वहिनी, या इकडे, तुमचं कौतुक करायला आलेत!"

वहिनी हात पुसत पुढे आल्या. दादा ओव्हनपासून लांब, दाराजवळच्या खुर्चीत बसला होता. आलेल्या माणसाला तो स्वतःहून सांगायला लागला की या दोघींमधली खरी भांडकुदळ कोण. तोळाताईने त्याच्या हातात एक काप दिला, तो बोलायचा थांबला, आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.